माझं घरगुती उत्खनन

मशीन घरी आलं आणि शोभाने त्याला कुंकू लावायला साफ नकार दिला. आमच्या घरात असं आजवर झालं नव्हतं. मिक्सर आला तेव्हा तिने त्याला हळदकुंकू वाहिलं होतं, पाण्याच्या मोटारीपुढे नारळ फोडला होता, आणि मुलीच्या जुन्या लॅपटॉपलाही दर दसऱ्याला झेंडूचं फूल मिळतं. पण 'छोटा हत्ती' टेम्पोतून उतरलेल्या या मशीनकडे तिने कमरेवर हात ठेवून पाहिलं आणि म्हणाली, "हे काय आहे ते सांगा आधी. मंग पाहू कुंकवाचं."

आता काय आहे ते सांगणं सोपं नव्हतं. एक लोखंडी सांगाडा, त्यात ओळीने बसवलेली पंखेवाली कार्डं आणि चहूबाजूंनी लोंबणाऱ्या वायरी. लांबून पाहिलं तर कोंबड्यांचं खुराडं वाटावं. मी घसा साफ केला.

"हे मशीन दिवसभर गणितं सोडवते," मी म्हणालो. "गणित सुटलं का नाणं निघते."

"कोणाची गणितं?"

"कोणाची म्हणजे... जगाची."

"अन् नाणं कोण देते?"

"कोणी देत नाही वं. निघते ते."

"कुठून?"

या 'कुठून'चं उत्तर जगात फार थोड्या लोकांना देता येतं, आणि त्यातला एकही आंधळगावात राहत नाही. मी "चहा टाक" म्हणालो आणि विषय बदलला.

मी सेवकराम निनावे. मोहाडीच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात वरिष्ठ लिपिक आहे. कनिष्ठ महाविद्यालयात वरिष्ठ असणं म्हणजे नक्की कुठे असणं, याचा विचार मी पूर्वी करत असे. नंतर मला क्रिप्टोचा नाद लागला आणि बाकी सगळे विचार बंद झाले. या नाण्यांचा शोध कोणी लावला हे म्हणे अजून कोणालाच ठाऊक नाही. निनावी माणसाने काढलेली वस्तू निनाव्यांच्या घरी चालून यावी, हा मला ईश्वरी संकेत वाटला. शोभाला नाही वाटला.

नाद लावणारा माणूस घरचाच. शोभाचा धाकटा भाऊ अनुप लाखनीला हायवेवर मोबाइलचं दुकान चालवतो. ट्रकवाले तिथे चार्जर घ्यायला थांबतात आणि अनुप त्यांना चार्जर देऊन जगाची खबर घेतो. भाऊबीजेला आला, पाटावर बसला, ओवाळून घेतलं आणि तोंडात करंजी असतानाच मला म्हणाला, "भाऊजी, तुमचा पैसा बँकेत झोपून राहिला. त्याले उठवा." मी उठवला. तेव्हापासून मी झोपलो नाही.

याचं कारण असं की, या बाजाराला शटर नाही. बँकेला रविवार असतो, किराणा दुकानाला अमावस्या असते, पोळ्याच्या दिवशी बैलसुद्धा सुटीवर असतो. पण हा बाजार सदा उघडा. आपण भाकरीचा तुकडा मोडेपर्यंत भाव वर गेलेला असतो आणि तो वरणात बुडवेपर्यंत खाली आलेला असतो. मी जेवताना फोन ताटाला टेकवून ठेवू लागलो. अंघोळीला जाताना तो खिडकीच्या गजात अडकवू लागलो. देवपूजा करताना घंटा डाव्या हातात गेली, कारण उजवा हात रिकामा नसायचा. कॉलेजात शिपायाने "साहेब, तब्येत कशी आहे?" म्हणून विचारलं तर मी म्हणालो, "खाली आहे, पण आधार धरून आहे." त्याने प्राचार्यांना जाऊन सांगितलं की निनावे साहेबांचं काही खरं नाही.

अशा अवस्थेत अनुप पुन्हा आला आणि म्हणाला, "भाऊजी, दुसऱ्यानं काढलेलं नाणं काहून विकत घेता? आपणच काढा ना. त्याले मायनिंग म्हणते." नागपूरचा एकजण हा धंदा सोडून देत होता आणि त्याचं मशीन स्वस्तात जात होतं. तो धंदा का सोडतोय, हे मी विचारलं नाही. स्वस्त वस्तूला कारण विचारू नये, असं माझं त्या काळी मत होतं.

मशीन ठेवलं ते रस्त्याकडच्या खोलीत. इथे मला जरा थांबलं पाहिजे, कारण ती खोली माझी नव्हती.

आम्ही कोष्टी. माझ्या वडिलांनी माग सोडून नोकरी धरली, पण शोभाच्या माहेरी अजून कोशाचं रेशमी कापड विणतात आणि लग्नाआधी तीही विणायची. लग्न होऊन आली तेव्हा माझ्या आईने सांगितलं, नोकरदाराच्या घरी मागाची खटखट नको. ती इतकी वर्षं गप्प राहिली. मुलं मार्गी लागल्यावर शेजारच्या गोदावरीबाईंकडे जाऊन तिने हात पुन्हा बसवला, अर्ज केला, आणि सरकारी योजनेतून तिला स्वतःचा माग मंजूर झाला. अट एवढीच होती की जागा तयार हवी आणि हातमाग कार्यालयाचा माणूस ती येऊन पाहणार. आमच्याकडचा माग खड्ड्याचा असतो. विणणारी काठावर बसते, पाय खड्ड्यात सोडते आणि खालच्या पट्ट्या पायाने दाबत वर धोटा फेकते. शोभाने समोर उभं राहून त्या खोलीत खड्डा खणून घेतला होता, आतून विटा लावून घेतल्या होत्या, आणि रोज सकाळी त्या रिकाम्या खड्ड्याच्या काठावर बसून ती चहा प्यायची. पाय आत सोडून.

"माग येईपर्यंतच ठेवतो," मी म्हणालो. "तोवर हे इतकं काढीन का तुले दोन माग घेऊन देतो."

"मले एकच पाहिजे," शोभा म्हणाली. "दोनवर बसता नाही येत."

मशीन सुरू झालं. सगळे पंखे एकदम फिरू लागले आणि घरात धान मळणी चालल्यासारखा आवाज भरून राहिला. टीव्हीवरच्या मालिकेतल्या बाया नुसतीच तोंडं हलवू लागल्या. वीज कंपनीचा लाइनमन मीटर वाचायला आला, मीटरकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, पुन्हा मीटरकडे पाहिलं आणि विचारलं, "पिठाची गिरणी टाकली का काकाजी?" मी त्याला गणितं आणि नाणी समजावून सांगितली. तो शांतपणे ऐकत राहिला आणि जाताना म्हणाला, "गिरणीच टाका. पीठ तरी दिसते." अशा लोकांमुळेच हा देश मागे आहे, असं मी शोभाला म्हणालो, पण पंख्यांपुढे तिला ते ऐकू गेलं नाही.

नाणी मात्र निघत होती. निघत होती म्हणजे फोनवर शून्य, मग टिंब, मग पुष्कळशी शून्यं आणि शेवटी एक आकडा, असं काहीतरी दिसत होतं. तो शेवटचा आकडा पाहून माझी छाती भरून यायची. जगात आपण स्वतःच्या हिकमतीने काढलेली ही पहिली वस्तू आहे, असं वाटायचं. आणि ते कोणालातरी सांगितल्याशिवाय राहवत नव्हतं. म्हणून मी पानठेल्यावर गेलो.

तिथे परसरामभाऊ होते. परसरामभाऊ आमचे शेजारी आणि उमेदीच्या काळात तुमसरकडच्या मँगनीजच्या खाणीवर मुकादम. निवृत्त झाल्यापासून ते मुकादमकी गल्लीवर करतात.

"सेवकभाऊ, काय सुरू केलं म्हणे घरी?"

"मायनिंग," मी म्हणालो.

त्यांनी तोंडातलं पान गालात सरकवलं. "घरीच?"

"घरीच. आता घरीच होते सारं."

"किती खोल गेले?"

मला वाटलं ते अभ्यासाबद्दल विचारतात. "आता सुरुवात आहे जी. याच्यात जेवढं खोल जावं तेवढं कमीच."

"माल लागला?"

"निघून राहिला. बारीक आहे, पण निघून राहिला."

"बारीकच निघते पहिले," परसरामभाऊ अनुभवाने म्हणाले. "अन् परवाना?"

"याले परवाना लागतच नाही," मी म्हणालो, आणि आजूबाजूला चारदोन माणसं ऐकताहेत हे पाहून आवाज जरा चढवला. "सरकारले पत्ताच नाही ना, लोक काय काय काढून राहिले ते!"

त्या दिवशी लोकांनी माझ्याकडे ज्या आदराने पाहिलं तसं आजवर कोणी पाहिलं नव्हतं. पानवाल्याने सुपारी बारीक कातरून दिली. मी घरी येताना सबंध रस्ताभर मान ताठ ठेवली.

मग वैशाख आला. भंडारा जिल्ह्यातला वैशाख काय असतो, हे ज्यांनी सोसलाय त्यांना सांगायला नको आणि बाकीच्यांना सांगून पटणार नाही. मशीन तापू लागलं आणि तापलं की बंद पडू लागलं. मी हाफ डे टाकून घरी पळत यायचो, त्याला वारा घालायचो, ते जरा चालायचं, पुन्हा बंद. कूलर लावला तर वायरींना ओल धरली. पंखा लावला तर पंख्यातून लू आली. आजारी माणसाच्या उशाशी बसावं तसा मी बसून राहायचो आणि दर घटकेला हात लावून ताप पाहायचो. शोभा म्हणाली, "मले टायफाइड झाला होता तवा इतके बसले नव्हते तुमी." हे खोटं नव्हतं.

गल्लीतून सल्ले येऊ लागले. गोदावरीबाई नव्वदीच्या घरातल्या, काठी टेकत आल्या आणि म्हणाल्या, "बाबू, माठाखाली ओली रेती ठेवतो का नाही आपण? मंग याले काहून नाही ठेवत?" मला हे एकदम पटलं. परसरामभाऊ म्हणाले, "अन् वरतं कायले ठेवता? खड्डा आहे ना. खाली ठेवा. खाणीत जेवढं खाली जावं तेवढं गार." खाणीत खाली जावं तसा उकाडा वाढतो आणि मुकादमांना कधी खाली जावं लागलं नसावं, हे मला फार उशिरा कळलं. शिवाय त्यांच्याकडे घरकुलाच्या बांधकामातली रेती उरली होती आणि पुतणीच्या लग्नाच्या मांडवासाठी त्यांना अंगण मोकळं करायचं होतं. मला दोन घमेली हवी होती. त्यांनी ट्रॅक्टरची अख्खी ट्रॉली माझ्या दारात उपडी केली आणि "शेजारधर्म आहे" म्हणून पाठ थोपटली.

शोभा त्या दिवशी मोहाडीला गेली होती. आली तेव्हा तिच्या खड्ड्यात ओली रेती होती, रेतीवर मशीन होतं आणि काठावर मी बसलो होतो. पाय आत सोडून.

तिने काठाशी वाकून विटांना हात लावून पाहिला. मग म्हणाली, "विटा ओल्या केल्या," आणि आत गेली. मला तेव्हाच कसंतरी झालं होतं. पण तेवढ्यात फोनवर भाव हलला.

तर परिस्थिती अशी होती. दारात रेतीचा ढीग, घरात खड्डा, खड्ड्यात मशीन, मशीनची घरघर पार बाजारचौकापर्यंत, आणि घरमालक पानठेल्यावर उभा राहून सांगतोय की मायनिंग सुरू आहे, माल निघतोय आणि परवाना नाही. मी स्वतः तलाठी असतो तर मीही आलो असतो.

तलाठी आले. त्यांना आता तलाठी म्हणायचं नाही, ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं. पण कैलाशभाऊ आमच्याच भागातले, त्यांना त्यांची आईही तलाठीच म्हणते. त्यांनी एक नोटीस काढली. मी घ्यायला हात पुढे केला तर त्यांनी मागे घेतली.

"तुमची नाही. ताईची आहे."

घर शोभाच्या नावावर आहे. बाईच्या नावावर केलं की करात सूट मिळते, असं परसरामभाऊंनी सांगितलं होतं. मिळाली नाही. तर नोटीस सौ. शोभाताई सेवकराम निनावे यांना होती आणि त्यात म्हटलं होतं की, आपल्या मालकीच्या जागेत आपण विनापरवाना उत्खनन करीत असल्याचे समजते, तरी आपणावर दंडात्मक कारवाई का करण्यात येऊ नये.

शोभाने नोटीस दोनदा वाचली. "मी उत्खनन करून राहिली?" तिने विचारलं.

"गैरसमज आहे वं. मी जाऊन मिटवतो."

मी तहसील कार्यालयात गेलो. तिथल्या बाबूने संगणकावर माझी बाजू भरून घ्यायला सुरुवात केली. तोही लिपिक, मीही लिपिक. त्यातून मी वरिष्ठ. वाटलं, हा माणूस आपल्याला समजून घेईल.

"गट कोणता?" त्याने विचारलं.

"लाखनी क्रिप्टो परिवार," मी अनुपच्या ग्रुपचं नाव सांगितलं.

त्याने चष्म्यावरून पाहिलं. "जमिनीचा गट नंबर."

"ते जमिनीत नाही ना जी. ते हवेत आहे. म्हणजे संगणकात."

"खनिज कोणतं?"

"आभासी."

तो यादीत शोधू लागला. बराच वेळ शोधला. "आभासी नाही इथं. अभ्रक आहे. अभ्रक टाकू?"

"अभ्रक नका टाकू!"

"काहीतरी टाकल्याशिवाय फाइल पुढं सरकत नाही ना साहेब." मी हात जोडले तेव्हा त्याने 'इतर' टाकलं. पुढे कळलं की 'इतर'चा दंड अभ्रकापेक्षा जास्त असतो. निदान त्याने तरी तसं सांगितलं.

घरी आलो तर शोभा फोन कानाला लावून उभी होती. हातमाग कार्यालयातून होता. पलीकडचा माणूस मोठ्याने बोलत होता आणि मशीन नेमकं तापून बंद पडलं होतं, त्यामुळे मला सगळं ऐकू आलं. "ताई, तुमच्या जागेवर केस आहे म्हणे. मी जागा पाहायला येणार होतो, पण केस असली तर माग नाही देता येत. या आठवड्यात मिटली तर सांगा. नाही तर तुमचा माग यादीतल्या पुढच्या बाईला जाईल."

"बरं," शोभा म्हणाली आणि फोन ठेवला.

मी वाट पाहिली. ती ओरडेल, भांडेल, अनुपला फोन लावून त्याचा उद्धार करेल. तिने तांदूळ निवडायला घेतले. निवडलेले तांदूळ पुन्हा निवडले. मला वाटलं, हिने ताट फेकून मारलं तर बरं होईल. जिवाला चैन पडेना. मी खोलीत गेलो, बाहेर आलो, रेतीच्या ढिगाला फेरी मारली, पुन्हा आत गेलो. सवयीने फोन काढला. भाव वर गेला होता आणि मला पहिल्यांदाच त्याचं काही वाटलं नाही.

मग पंचनाम्याचा दिवस आला. नायब तहसीलदार दामिनी मॅडम स्वतः आल्या. त्या बाहेरगावच्या, तरुण, आणि रेतीच्या ट्रॅक्टरांमागे फिरून फिरून उन्हाने रापलेल्या. बरोबर कैलाशभाऊ. गल्लीतली झाडून सगळी माणसं दारात. पंच म्हणून परसरामभाऊ आणि गोदावरीबाई.

मॅडम रेतीच्या ढिगापाशी थांबल्या. "ही कोणाची?"

मी परसरामभाऊंकडे पाहिलं. परसरामभाऊ आभाळाकडे पाहू लागले. आभाळात काही नव्हतं.

"परसरामभाऊच्या घरकुलाची आहे," आतून शोभा म्हणाली. "पावती त्यायच्या घरी आहे. त्यायले मांडव टाकाचा होता, म्हणून आमच्या दारात टाकली." परसरामभाऊंना आभाळातून खाली यावं लागलं. पावती आली. रेतीचं प्रकरण मिटलं आणि मॅडम खोलीत शिरल्या.

"खड्डा कशाचा?"

"मागाचा," मी म्हणालो.

"माग कुठे आहे?"

"यायचा आहे."

"मग खड्ड्यात काय आहे?"

"मशीन."

"ते काय करतं?"

सबंध गल्ली दारातून आत वाकली. माझ्या जिभेवर तोच शब्द आला. कारण दुसरा कोणताही शब्द मला येत नव्हता आणि त्या एका शब्दावर मी गेले कित्येक महिने मान ताठ ठेवून चाललो होतो. "मायनिंग," मी म्हणालो.

कैलाशभाऊंनी कपाळावर हात मारला. मी घाईघाईने सगळं समजावून सांगितलं. गणितं, जग, नाणी. मॅडम शहाण्या होत्या, त्यांना बरंचसं कळलं. पण फाइल उघडली होती आणि ती बंद करायला कारण लागतं.

"निनावे, नीट ऐका," त्या म्हणाल्या. "नोटिशीत उत्खनन लिहिलंय. मला एकाच प्रश्नाचं उत्तर हवंय. यातून आजपर्यंत काही निघालं का? काही निघालं म्हणालात तर ते काय, किती, हे मला लिहावं लागेल, वर विचारावं लागेल, आणि उत्तर येईपर्यंत प्रकरण तुमच्या मिसेसच्या नावावर उभं राहील. काहीच निघालं नसेल तर निरंक लिहिते आणि आत्ता बंद करते."

मी शोभाकडे पाहिलं. ती भिंतीला टेकून उभी होती आणि खड्ड्याकडे पाहत होती.

खरं सांगतो, मला फार जड गेलं. निघालं होतं हो. शून्य, टिंब, शून्यं आणि शेवटी एक आकडा. माझा आकडा. ज्या लोकांसमोर मी माल निघतोय म्हणून सांगितलं होतं, तीच सगळी माणसं दारात उभी होती. पानवालासुद्धा दुकान सोडून आला होता.

"काही नाही निघालं," मी म्हणालो.

"मोठ्याने सांगा, पंचांना ऐकू जाऊ द्या."

"काहीच नाही निघालं जी! सुरुवातीपासून काहीच नाही!"

गोदावरीबाईंना कमी ऐकू येतं. त्यांनी विचारलं, "काय म्हणते?" आणि पानवाल्याने त्यांच्या कानात ओरडून सांगितलं. मग त्यांनी "अरेरे" म्हटलं.

कैलाशभाऊ मांडी घालून बसले आणि लिहू लागले. लिहून झाल्यावर नियमाप्रमाणे मोठ्याने वाचलं:

"मौजा आंधळगाव येथे समक्ष पाहणी केली असता सदर खोलीत एक खड्डा आढळून आला. खड्ड्यात ओली रेती व त्यावर एक यंत्र आढळून आले. यंत्राबाबत विचारणा केली असता श्री. सेवकराम निनावे यांना समाधानकारक उत्तर देता आले नाही. तथापि सदर इसमाकडून आजपावेतो कोणतीही मौल्यवान वस्तू निघालेली नाही व यापुढेही निघण्याची शक्यता दिसून येत नाही. उपस्थित पंचांनी यास दुजोरा दिला."

परसरामभाऊंनी दुजोरा दिला. जरा जास्तच जोरात दिला. मागे कोणीतरी फिस्सकन हसलं आणि मग सगळी गल्लीच हसली. मी खड्ड्यातल्या रेतीकडे पाहत उभा राहिलो. पंचांच्या सह्या झाल्या, गोदावरीबाईंचा अंगठा झाला, आणि कागद मालकीण म्हणून शोभापुढे आला.

तिने पेन घेतला. कागद सावकाश वाचला. आणि पेन खाली ठेवला.

"हे शेवटचं काटा," ती म्हणाली.

"कोणतं ताई?"

"निघण्याची शक्यता नाही, हे."

"ताई, तुमच्याच फायद्याचं आहे ना ते," कैलाशभाऊ म्हणाले. "त्यानंच तं केस मिटून राहिली."

"निघालं नाही, हे बरोबर आहे. मले माहीत आहे. पन निघणार नाही, हे कोणं पाहिलं?"

"ते यंत्राबद्दल आहे, ताई."

"यंत्राबद्दल नाही लिवलं तुमी. सदर इसम लिवलं. सदर इसम माया नवरा आहे."

परसरामभाऊ समजुतीच्या सुरात पुढे झाले. "शोभाताई, सरकारी भाषा असते ते. करून टाका सही."

"परसरामभाऊ," शोभा त्यांच्याकडे वळून म्हणाली, "तुमच्यातून काय निघालं आजवर, ते लिवू का खाली?"

परसरामभाऊ मागे सरले. मी तिच्याजवळ गेलो. "कर ना वं सही," मी हळूच म्हणालो. "मले काही फरक नाही पडत. तुया माग हातचा जाईन."

"जाऊ द्या," शोभा म्हणाली. माझ्याकडे न पाहता म्हणाली. "घरी मी तुमाले काय म्हणाचं ते म्हणीन. रोजच म्हणीन. पन सरकारी कागदावर, माया सहीनं, असं नाही जाणार."

मला काय वाटलं ते मी नीट सांगू शकणार नाही. इतकी वर्षं थांबून मिळालेला माग तिने एका वाक्यासाठी पणाला लावला होता, आणि ते वाक्य माझ्याबद्दल होतं. तेही अशा माणसाबद्दल, ज्याने तिच्या खड्ड्यात रेती ओतली. मला तिथल्या तिथे रडू यायला लागलं आणि मी ते खोकून दाबलं.

दामिनी मॅडमनी घड्याळ पाहिलं, शोभाकडे पाहिलं, मग कैलाशभाऊंना म्हणाल्या, "नवा कागद घ्या."

"मॅडम, सारं पुन्हा?"

"सगळं पुन्हा. शेवटी लिहा: यापुढील शक्यतेबाबत सध्या मत देता येत नाही." त्यांनी शोभाला विचारलं, "चालेल?"

शोभाने विचार केला. "चालते," ती म्हणाली.

पुन्हा लिहिलं, पुन्हा वाचलं, पुन्हा सह्या, पुन्हा गोदावरीबाईंचा अंगठा. शोभाने अक्षर अक्षर काढून सही केली. मॅडम फाइलवर निरंक लिहून जीपमध्ये बसल्या, गल्ली पांगली, आणि घरात आम्ही दोघंच उरलो. मी खड्ड्यात उतरलो आणि स्विच बंद केला. पंखे एकेक करून थांबले. इतक्या महिन्यांनी घर असं गप्प झालं की स्वयंपाकघरातला नळ ठिबकताना ऐकू आला.

मी तिच्याकडे पाहून काहीतरी बोलणार होतो. माफीचं काहीतरी, बरंच मोठं.

"मंग पाहू बोलाचं," शोभा म्हणाली. पदर खोचून तीही खड्ड्यात उतरली होती. "विटा पहिलेच ओल्या झाल्या. धरा मशीन तिकून."

तिने इकडून धरलं, मी तिकडून धरलं.